औषधाचा वास

मृग लागायच्या आधी खालचं सामान माळ्यावर चढवायचं, हे आता आमच्या घरात पंचांगात छापल्यासारखं झालं आहे. २०१९च्या ऑगस्टात कृष्णामाई उंबरा ओलांडून आत आली, माहेरवाशिणीसारखी चार दिवस राहिली आणि जाताना घराचा वास तेवढा बदलून गेली. तेव्हापासून सांगलीतल्या नदीकडच्या घरांना मान वर करून बघायची सवय लागली आहे, आधी आभाळाकडे आणि मग माळ्याकडे. यंदा मी एकटीच होते. धान्याचे डबे आणि रजया वर सारायच्या तर आधी वरचं काहीतरी खाली यायला हवं, म्हणून अंधारात हात घातला आणि कोपऱ्यातून एक गठ्ठा हाताला लागला. लाल फडक्यात बांधलेला, वरून सुतळी. गाठ इतकी मुरलेली, की विळीवर धरूनच कापावी लागली. फडकं उलगडलं आणि मी तिथंच, शिडीच्या खालच्या पायरीवर बसले.

आधी हळद आली. सांगलीत कुठलंही जुनं फडकं झटका, थोडी हळद उडतेच. मार्केट यार्डातल्या वखारींमधून निघून वाऱ्यावर गावभर फिरणारी, कुणाच्याही घरात न विचारता शिरणारी. मागून दमट कागदाचा वास आला, डांबरगोळ्यांचा आला. आणि सगळ्यांच्या शेवटी, बोलावं की न बोलावं अशा संकोचानं दाराआड उभ्या असलेल्या मुलीसारखा, एक गोडसर, उग्र, नाकाच्या शेंड्याला हलकेच टोचणारा वास. वीस वर्षं झाली. इतकी वर्षं असा वास कागदात टिकत नाही, हे मला कळतं. तरी तो आला.

गठ्ठा ट्युटोरियलांचा होता. मी मराठी शिकवत असे. तृतीय वर्षाच्या मुलांना अंतर्गत गुणांसाठी दहा-बारा पानं लिहून द्यावी लागायची आणि ती तपासायला घरी आणली की अख्खं पंचक्रोशीतलं जगणं माझ्या टेबलावर येऊन बसायचं. एखाद्याचा कागद लसणाच्या फोडणीचा, एखादीचा उदबत्तीचा. बेकरीत रात्रपाळी करणाऱ्या एकाच्या पानापानांतून भाजक्या पावाची ऊब यायची. गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्याकडून येणाऱ्या मुलांच्या कागदांना मळीचा आंबूस दर्प असायचा, आणि पहाटेच्या एसटीनं येणारीच्या कागदात डिझेल आणि शेळ्या दोन्ही. लाल पेन उघडण्याआधी मी कागद नाकाशी न्यायची. खोडच होती ती माझी. मुलांचं अक्षर बघण्याआधी मला त्यांचं घर बघायचं असायचं.

घर दिसतं असं मला वाटायचं.

आमच्या लहानपणी प्रश्न असायचा, अमक्या पात्राचं स्वभावचित्र रेखाटा. मग आम्ही विशेषणांची परडी काढून बसायचो. मानी, करारी, सोशीक, भोळा, आतल्या गाठीचा. एकेक विशेषण उचलायचं, त्याखाली पुस्तकातला एकेक प्रसंग ठेवायचा, की झालं चित्र. स्वभाव म्हणजे हातावरची रेषच. ती का अशी वळली, हे विचारायचं नसतं. स्वभावाला औषध नाही, असं घरातली मोठी माणसं म्हणायची आणि म्हणता म्हणता एखाद्या माणसाची फाइल कायमची मिटून टाकायची. पुढं मी स्वतः शिकवायला लागले तोवर प्रश्न बदलला होता. 'पात्राचे मानसशास्त्रीय विश्लेषण करा.' निम्मी मुलं दुसरा विषय म्हणून मानसशास्त्रच घेत. दुपारच्या तासाला फळ्यावर वाचलेला शब्द ती संध्याकाळी माझ्या नाटक-कादंबऱ्यांतल्या माणसांना चिकटवून बघत. आणि चिकटायचा तो. 'एकच प्याला'तल्या सुधाकरला अहंगंड, पांडुरंग सांगवीकरला अस्मितेचा पेच, नटसम्राटातल्या अप्पासाहेब बेलवलकरांना अमुक, बेणारेबाईंना तमुक. त्यांच्या अक्षरांतून एक उत्साह ओसंडायचा, नवीन कुलूप-किल्ली मिळालेल्या पोरासारखा. आता कुठलंही दार उघडेल, असा.

मला ते आवडायचं. आणि आतून कुठंतरी खुपायचंही.

खुपण्याचं कारण मला फार उशिरा सापडलं, तेही एका शब्दाच्या घडीत. आगरकरांनी हॅम्लेटचं मराठी भाषांतर केलं, १८८३ साली ते छापलं गेलं, पुढं गणपतराव जोशींनी ते रंगभूमीवर गाजवलं. आगरकरांनी त्याला नाव दिलं 'विकारविलसित'. विकारांचा विलास, विकारांचं खेळणं. त्या काळच्या मराठीत विकार म्हणजे मनातली उलघाल. राग, लोभ, प्रीती, मत्सर, शोक, प्रत्येक जिवंत माणसाच्या पाण्यावर उठणारे तरंग. ज्याला विकार नाहीत तो एकतर संत किंवा दगड. आणि माझ्या मुलांच्या कागदांत तोच शब्द आला तो मनोविकार होऊन. त्यावर तज्ज्ञ असतात, त्याची यादी असते, लक्षणं मोजता येतात. सव्वाशे वर्षांत एक शब्द रंगमंचावरून उतरून दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसला होता. गंडाचंही तसंच. गंड म्हणजे मुळात गाठ, सूज. आणि माझी मुलं प्रत्येक पात्राच्या मानेवरून हात फिरवून गाठ शोधत होती. सापडली की थांबायची. गाठ सापडली म्हणजे माणूस सापडला.

हॅम्लेटवरून आठवलं. वर्गात ही गोष्ट मी दर वर्षी सांगायची. फ्रॉइडनं १९००च्या स्वप्नांवरच्या पुस्तकात हॅम्लेटबद्दलचं म्हणणं एका तळटिपेत मांडलं: सूड घेता घेता त्याचा हात का थबकतो, तर ज्याला मारायचं त्या काकानं, हॅम्लेटच्या बाळपणीच्या दडपलेल्या इच्छेनं जे मागितलं होतं, तेच करून दाखवलेलं असतं. १९१० मध्ये अर्नेस्ट जोन्सनं त्या तळटिपेचा लेख केला आणि १९४९ मध्ये लेखाचं पुस्तक. पानाच्या तळाशी लावलेलं बी चाळीस-पन्नास वर्षांत केवढं झाड झालं! मुलं डोळे विस्फारून ऐकायची. मग मी दुसरी बाजू सांगायची. १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स या टीकाकारानं एका निबंधाला मुद्दाम खोडसाळ नाव दिलं, लेडी मॅक्बेथला मुलं किती होती? कारण ती एकदा बाळाला पाजल्याचं बोलून जाते आणि नाटकात मूल तर कुठंच नाही. मग विद्वान मंडळी ते मूल शोधत पानांच्या बाहेर हिंडतात. नाइट्सचं म्हणणं, अरे, पानांच्या बाहेर काही नाही. ती बाई शब्दांची आहे. शब्द संपले की ती संपली. तिला माहेर नाही, बाळपण नाही, रात्री पडलेलं आणि कुणाला न सांगितलेलं स्वप्न नाही.

हे ऐकलं की वर्गात एक उसासा फिरायचा. मुलांना वाईट वाटायचं. मलाही वाटायचं. ज्या माणसांसाठी आपण उशी भिजवली, त्यांना मागं अंगण नाही, परसदार नाही, हे मनाला पटत नाही.

पण कधीकधी मानसशास्त्राचं तेच पान नीट शेवटपर्यंत वाचलं, तर ते दार उघडायचंही. याच गठ्ठ्यात एका मुलाचं कर्णावरचं ट्युटोरियल आहे. 'मृत्युंजय' त्याला जवळजवळ पाठ होतं. आमच्याकडं गावोगावच्या वाचनालयांत त्या पुस्तकाच्या प्रतीचे कोपरे झिजून गोल झालेले असतात. त्यानं लिहिलं होतं, कुंतीनं टाकल्यामुळे कर्णाचा अनुबंध असुरक्षित राहिला, म्हणून तो आयुष्यभर मान्यतेला भुकेला. खाली बोल्बीचं नाव. मी समासात एवढंच लिहिलं, 'राधा कुठे गेली?' दोन दिवसांनी तो मुलगा स्टाफरूमच्या दारात उभा, डोळे रात्रभर जागल्यासारखे. म्हणाला, "मॅडम, बोल्बी परत वाचला. तो जन्म देणारीच आई पाहिजे असं म्हणतच नाही. कुणीतरी एक माणूस कायम पाहिजे, हाक मारल्यावर येणारं, एवढंच म्हणतो. मग कर्णाला तर होतं की." जरा थांबला. "म्हणजे घरात त्याचं काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते बाहेर. कुळ विचारून." तो स्वतः कुठून आला होता, त्याला आयुष्यात कुणीकुणी काय विचारलं असेल, हे मी त्या क्षणी मनात बांधायला घेतलं आणि मग जाणूनबुजून थांबवलं. सिद्धान्त त्यानं शेवटपर्यंत वाचला होता, आणि सिद्धान्तानंच त्याला कर्णाच्या मनातून उचलून हस्तिनापूरच्या आखाड्यात आणून सोडलं होतं. जिथं खरी जखम होती तिथं.

तेव्हा मी थांबले खरी. पण त्याच वर्षी, त्याच गठ्ठ्यात, मला थांबता आलं नव्हतं.

'एकच प्याला' अभ्यासाला नेमलेलं होतं. १९१९च्या जानेवारीत गडकरी गेले आणि त्यानंतर नाटक रंगभूमीवर आलं, तेव्हा सुधाकर असा का, हे विचारायला लेखकच उरला नव्हता. पुढं शंभर वर्षं आम्ही एकमेकांनाच विचारत बसलो. आमच्या गुरुजींनी आम्हाला शिकवलं होतं, सुधाकर मानी म्हणून पडला. भर कोर्टात अपमान, सनद गेली, तळीरामानं पहिला पेला हातात दिला, आणि मानी माणसाचा दारुडा झाला. दारुडा. त्या एका शब्दात गुरुजींचा, माझ्या आजोळचा, सगळ्या गल्लीचा न्यायनिवाडा पुरा होत असे. माझी मुलं मात्र लिहायची, सुधाकर आजारी आहे. ती लिहायची, हा तुरुंगात पाठवायचा नाही, उपचाराला पाठवायचा माणूस आहे. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'बद्दल कुणीतरी वाचलेलं असायचं, कुणाचा चुलता तिथं राहून आलेला असायचा. ते वाचताना मला नेहमी वाटायचं, की विकार शब्दानं रंगमंच सोडला ते अगदीच वाया नाही गेलं. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर त्याच्या खांद्यावर कुणीतरी हात तरी ठेवला.

आणि सिंधू, सुधाकरची बायको. सिंधूवर मुलं कमी लिहायची. लिहिलं तर पतिव्रता म्हणून नमस्कार करून पुढं जायची, नाहीतर कोडिपेंडन्सी म्हणून शेरा मारून. त्या वर्षी एकाच मुलीनं पूर्ण बारा पानं सिंधूवर लिहिली. मागच्या बाकावर बसणारी, सावळी, हजेरीला हात वर करण्यापलीकडं कधी आवाज न केलेली. रात्री टेबलावर मी तिचा कागद उचलला, सवयीनं नाकाशी नेला, आणि हात तसाच राहिला.

दारू.

दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात तपकिरी डाग होता, पेल्याच्या बुडासारखा गोल. त्यातून तो गोडसर, उग्र वास येत होता. आणि तो वास मला ओळखायला क्षणही लागला नाही, कारण माझी त्याच्याशी ओळख फार जुनी.

मामाचं घर मिरजेला. रेल्वेत कारकून होता. सुट्टीत आम्ही भावंडं तिकडं जायचो. सतारमेकर गल्लीच्या मागं दोन खोल्या. दिवसा तिकडून तंबोऱ्यांच्या भोपळ्यांवर चढवायच्या पॉलिशचा वास यायचा, कुणीतरी तार जुळवत असायचं, एकच स्वर चढत-उतरत राहायचा. मामा दिवेलागणीनंतर यायचा. दारातूनच तो आमच्यासाठी खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढायचा, हसायचा, भिंतीला एक हात लावून चपला काढायचा आणि आमच्यावरून वाकून आत जाताना तो वास त्याच्यामागून, पदरासारखा, सरकत जायचा. मी एकदा विचारलं होतं. आठेक वर्षांची असेन. मामी चुलीपुढं बसली होती, भाकरी थापत होती. थापता हात थांबला नाही, मान वर झाली नाही. म्हणाली, "औषधाचा वास आहे तो, बाळे. मामाला औषध घ्यावं लागतं."

मिरजेत औषधाला काय तोटा! लांबलांबून आजारी माणसं गाडी भरून त्या गावात उतरतात. मला ते पटलं. पटलं म्हणजे इतकं पटलं, की पुढं कितीतरी वर्षं कुणाच्याही अंगाला तो वास आला की मला त्या माणसाची काळजी वाटायची. बिचारा, औषध घेतो. आणि गंमत अशी, की मामी अगदीच खोटं बोलली असंही नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली तेव्हा प्यायला परवाना लागायचा आणि तो आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिला जायचा. सरकारच्या कागदावरही ते औषधच. मामाकडं तसला परवाना होता की नव्हता, देव जाणे. मी कॉलेजात असताना मामा गेला. कावीळ झाली, असं सांगितलं गेलं. तोवर मला सगळं कळलेलं होतं आणि कुणीच मला ते सांगितलेलं नव्हतं.

तर त्या रात्री, टेबलावरच्या दिव्याखाली, ते बारा कागद हातात धरून मी ती मुलगी वाचू लागले. सिंधू बाजूलाच राहिली. मागच्या बाकावर का बसते? म्हणून. बोलत का नाही? म्हणून. डब्यात रोज चटणी-भाकरीच का, संध्याकाळच्या तासाला का नसते, स्नेहसंमेलनाला का आली नाही, पावसाळ्यात एकदा हाताला फडकं बांधून का आली होती? म्हणून, म्हणून, म्हणून. एकदा वास मिळाल्यावर प्रत्येक गोष्ट साक्षीदार होऊन पुढं यायला लागली. तिचं ओळींत अंतर सोडून लिहिणंसुद्धा मला दबलेलं वाटायला लागलं. दोन दिवसांत मी तिला बाप दिला, त्याच्या हातात पेला दिला, तिच्या आईला जात्यावर बसवलं आणि अंगावर ठिगळांचं लुगडं नेसवलं, बालगंधर्वांनी सिंधू करताना नेसलेलं, ज्याची आठवण आमच्या आजीच्या पिढीनं सोन्याच्या दागिन्यासारखी सांभाळली होती. ज्या चुकीसाठी मी मुलांच्या समासात लाल खुणा करत होते, तीच चूक मी चार पट मोठ्या अक्षरात करत होते. आणि मला ती माया वाटत होती.

मी तिला बोलावलं. स्टाफरूममध्ये कुणी नाही अशी वेळ बघून. चहा मागवला. घरी कोण कोण असतं, असं विचारलं. आई, भाऊ, आजी. वडील? वडील आहेत की, यार्डात हमाली करतात. संध्याकाळी लवकर येतात का? येतात. मग मी, आवाज जितका मऊ करता येईल तितका करून म्हणाले, "काही त्रास होतो का गं घरी? तुझ्या कागदाला वास येत होता."

ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटायला लागलं आणि मी सावरून बसले, आता रडेल म्हणून. ती हसली. आधी ओठ मिटून, मग पदराआड लपवता न येणारं, पोट धरून येणारं हसू.

"मॅडम, औषधाचा वास आहे तो."

शिडीच्या पायरीवर बसून आज ते वाक्य आठवलं आणि वीस वर्षांनीसुद्धा मानेवरून काटा सरकला. तेच शब्द. मध्ये चाळीस वर्षं.

"संध्याकाळचं मी होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्यात जाते," ती सांगत होती. "गोळ्या भरायला, पुड्या बांधायला. तिथंच लिहिलं मी ते. मूळ अर्काची बाटली कलंडली, पान पुसलं मी, पण डाग राहिला. परत लिहायला वेळ नव्हता. सॉरी मॅडम." आणि मग, माझ्या चेहऱ्याकडं बघत, हळूच, "तुम्हाला काय वाटलं?"

मला काय वाटलं, ते मी तिला सांगितलं नाही. पण तिला कळलं असावं. ती बाटल्यांमध्ये वाढलेली मुलगी होती. कुठल्या बुचाखाली काय आहे, हे तिला न उघडता कळायचं. मानसशास्त्रात याला प्रक्षेपण म्हणतात, दर वर्षी मी ते फळ्यावर लिहायची. आपल्या मनातली आकृती दुसऱ्याच्या भिंतीवर पडते आणि आपण भिंतीला दोष देतो. दिवा आपल्याच हातात असतो, म्हणून तर तो दिसत नाही.

त्या रात्री मी तिची बारा पानं पहिल्यांदा वाचली.

ती लिहीत होती, आमचे डॉक्टर नवीन पेशंटची केस घेतात तेव्हा तासभर बसतात. तहान किती लागते, गोड आवडतं की खारट, भीती कशाची वाटते, स्वप्नं कसली पडतात, सगळं विचारतात. माणसं पुष्कळ सांगतात. पण मी बाहेर पुड्या बांधत असते आणि मला एक गोष्ट दिसते. खरं वाक्य माणूस खुर्चीत बोलत नाही. उठतो, पैसे देतो, चपला घालतो आणि उंबऱ्यावर एक पाय बाहेर ठेवून मागं वळून म्हणतो, "डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं." ते खरं वाक्य. मग ती सिंधूकडं वळली होती. सिंधूचा उंबरा म्हणजे मरण, असं तिनं लिहिलं होतं. तिथं उभी राहून ती पोलिसांपुढं खोटं बोलते, नवऱ्याला वाचवते. पुस्तकं म्हणतात ही पतिभक्ती. दुसरी पुस्तकं म्हणतात हे आजारी नातं. दोन्ही खरं असेल. पण सिंधूकडं त्या वेळी उरलंय काय? घर नाही, दागिने नाहीत, बाळ नाही, अंगात ताकद नाही. काय घडलं ते कुठल्या शब्दांत सांगायचं, एवढंच एक तिच्या हातात आहे. ते ती कुणाला देत नाही. आणि मग, ट्युटोरियलात शोभणार नाही असं एक वाक्य: मला सिंधूचा राग येतो आणि तिला हात लावून बघावंसं वाटतं.

मी पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर पाऊस होता. चुलीपुढं बसलेली मामी मला दिसत होती, थापता हात न थांबवता, मान वर न करता. भाकरी तव्यावर पडल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. एवढी वर्षं मी त्या 'औषध' शब्दाला फसवणूक म्हणत आले होते, कधी लाज म्हणत आले होते, आणि नोकरी लागल्यावर, चार पुस्तकं वाचल्यावर, नकार म्हणायलाही शिकले होते. आठ वर्षांच्या भाचीच्या हातात काय द्यायचं, हे ठरवण्याचा तिचा हक्क मला कधी दिसलाच नव्हता.

त्यानंतर मुलांनी सिद्धान्त वापरला तर मी खोडत नसे. एवढंच विचारायची, या शब्दानंतर तुला पात्राला आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो का? वाटत असेल तर शब्द ठेव. विचारायचं काही उरलंच नसेल, तर तो शब्द काढून टाक, माणूस आत कोंडला गेलाय. काही मुलांना हे कळायचं. काहींना गुण हवे असायचे, आणि त्यातही काही वाईट नव्हतं.

तिचे कागद मी तिला परत द्यायला निघाले तेव्हा ती म्हणाली, "ठेवा मॅडम तुमच्याकडं. वास येतोय ना त्याला." आणि पुन्हा हसली.

त्याच वर्षी दिवाळीत मी मिरजेला गेले. मामी फार थकली होती. सतारमेकर गल्लीत तशीच कुणीतरी तार जुळवत होतं. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, चकल्या यंदा का हसल्या. मामाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. दिवेलागण झाली, गाडीची वेळ झाली. वाकून नमस्कार केला, पिशवी उचलली, एक पाय बाहेर ठेवला. मागून तिनं माझं मनगट धरलं. हात कापत होता. माझ्याकडं न बघता, समोरच्या अंधाऱ्या गल्लीकडं बघत म्हणाली,

"तुझ्या मामाला औषध मिळालं असतं ना बाळे, तर जगले असते गं ते."

मी काही बोलले नाही. तिनं मनगट सोडलं. पुढं काही महिन्यांनी मामी गेली.

आता बाहेर ढग भरून आले आहेत. कागद मी पुन्हा एकावर एक लावते आहे. कर्णाचे, पांडुरंगाचे, अप्पासाहेबांचे, आणि मधोमध तो तपकिरी गोल डाग असलेला. नाकाशी नेला. जुन्या कागदाचाच वास, थोडी हळद. बस्स. फडकं गुंडाळलं, सुतळी नवी घेतली. शिडीवर चढताना एक पायरी करकरली, मी थांबले, मग वर हात करून गठ्ठा पार मागं, भिंतीला टेकेपर्यंत सरकवला. पाणी आलं तरी पोचणार नाही इतका वर.